घरची खोली आणि खरा आवाज



गेल्या पंधरावीस वर्षांत आपल्या घरांतून एका नव्या खोलीची भर पडली आहे. पूर्वीं देवघर असे, कोठीची खोली असे, क्वचित् बाळंतिणीची खोली असे. आतां ज्या घरांत कोणी गाणारें-वाजविणारें आहे, त्या घरांत अभ्यासाची किंवा पाहुण्यांची खोली हळूहळू 'स्टुडिओ' होऊं लागली आहे. एक संगणक, दोनचार मायक्रोफोन आणि दोन स्पीकर एवढ्या सामग्रीवर, ज्या कामासाठीं एके काळीं मुंबईस जाऊन तासांच्या हिशेबानें पैसे मोजावे लागत, तें काम घरच्या घरीं होतें. गळा, पेटी, तबला, टाळ यांचे आवाज वेगवेगळ्या मायक्रोफोनांनीं टिपावयाचे, आणि मग कोणाचा आवाज किती मोठा, कोण डावीकडे, कोण उजवीकडे, कोणाची धार कमी, कोणाचा घुमारा अधिक, हें ठरवून त्या सर्वांचें मिळून एक गाणें करावयाचें. यास आतां सर्वजण मिक्सिंग म्हणतात, आणि मीहि आज तोच शब्द वापरणार आहें.

मिक्सिंगविषयीं जें बोललें जातें तें बहुधा यंत्रांविषयीं असतें. स्पीकर कोणता घ्यावा, मायक्रोफोन केवढ्याचा असावा, याची चर्चा रात्र रात्र चालते. परंतु खुर्चीवर बसलेल्या मनुष्यास बसल्या ठिकाणीं खरोखर काय ऐकूं येत आहे, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. मीहि तो विचारला नव्हता, आणि त्यापायीं माझी चांगली फजिती झाली. ती हकीकत प्रथम सांगतों, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यांतूनच निघालें आहे.

माझ्या एका मामांस भजनाचा फार नाद होता. ते सांगलीस राहात. नोकरींतून मोकळे झाल्यावर तर त्यांचा बहुतेक वेळ भजनांतच जाई. एकदां ते पुण्यास आमच्याकडे आले असतां मीं एका संध्याकाळीं त्यांचे सात अभंग मुद्रित करून घेतले. साथीस पेटी, तबला, टाळ आणि तंबोरा. पुढें चारपांच महिन्यांनीं मामा गेले. म्हणजे तें मुद्रण हें त्यांच्या आवाजाचें घरांत उरलेलें एकमेव धड मुद्रण ठरलें. वर्षश्राद्धाच्या दिवशीं सर्व मंडळी जमतील तेव्हां तें लावावयाचें, असें ठरलें, आणि मीं मिक्सिंगला बसलों.

माझी खोली बारा फूट लांब, दहा फूट रुंद. स्पीकर एका टोकाच्या भिंतीशीं कपाटावर ठेवलेले, आणि माझी खुर्ची दुसऱ्या टोकाकडे, मागील भिंतीपासून तीन फुटांवर. ऐकतांना प्रथमपासून असें वाटे, कीं डग्गा फारच मिळमिळीत आहे. वाजविणारा तर तयारीचा होता. मीं डग्गा चढविला. अजून पुरेना, म्हणून आणखी चढविला. सरतेशेवटीं मूळच्यापेक्षां तो सहा डेसिबेल अधिक झाला. आंकडा लहान दिसतो, पण सहा डेसिबेल म्हणजे ध्वनिलहरींचा झोत जवळजवळ दुप्पट करणें होय. तेव्हां कोठें माझ्या खुर्चीवर डग्गा घुमूं लागला, आणि मीं समाधान पावलों.

सांगलीस कार्यालयाच्या सभागृहांत तें गाणें लागलें मात्र, आणि डग्ग्याच्या प्रत्येक घावासरशीं खिडक्यांचीं तावदानें थरथरूं लागलीं. मामांचा आवाज मागें कोठें तरी चालला होता. दुसरा अभंग संपल्यावर मामी माझ्याजवळ आल्या आणि हलकेच म्हणाल्या, "आवाज ह्यांचाच आहे रे, पण काय म्हणताहेत तें कळत नाहीं." तिसरा अभंग मीं लावला नाहीं.

सभागृहाचा दोष असेल, अशी मीं स्वतःची समजूत घातली. परंतु परततांना मोटारींत ऐकलें, एका मित्राच्या घरीं ऐकलें, हेडफोन लावून ऐकलें. सर्वत्र डग्गा तसाच अंगावर येई. चार साक्षीदार एक सांगत असतां पांचवा वेगळें सांगूं लागला, तर खोटा कोण हें ठरविण्यास वकील लागत नाहीं. खोटी माझी खोली होती.

आतां ती खोटें कसें बोलली, तें पाहूं. ध्वनि हवेंतून एका सेकंदांत सुमारे ११३० फूट जातो. ज्या सुराचीं सेकंदास ९४ कंपनें होतात, त्याची एक लहर म्हणूनच सुमारे बारा फूट लांब भरते. अशी लहर स्पीकरकडून माझ्या कानाशीं आली, तशीच पुढें तीन फूट जाऊन मागच्या भिंतीवर आपटली, आणि तीन फूट परत फिरून पुन्हां माझ्या कानाशीं आली. या जाण्यायेण्याचे सहा फूट, म्हणजे बरोबर अर्धी लहर. पहिली लहर हवेस दाबीत असते त्याच क्षणीं परतलेली लहर हवेस सैल करीत असते. दोघींची वजाबाकी होते, आणि त्या जागीं तो सूर जवळजवळ नाहींसा होतो. पुढें मीं मोजून पाहिलें तेव्हां आमच्या डग्ग्याच्या घुमाऱ्याचा मुख्य भाग नेमका याच आंकड्याच्या आसपास निघाला. म्हणजे डग्गा मुद्रणांत होता, स्पीकरांतून निघत होता, खोलींतहि होता. फक्त माझ्या खुर्चीवर नव्हता. खुर्ची सोडून भिंतीला कान लावला असता, तर तो दुप्पट ऐकूं आला असता.

ही कांहीं माझ्याच खोलीची खोड नव्हे. प्रत्येक लहान खोलीस आपल्या लांबी-रुंदी-उंचीच्या मापाचे कांहीं सूर प्रिय असतात. ते ती फुगविते आणि कांहीं जागीं गिळून टाकते. मोठ्या दालनांत असे सूर इतके दाट असतात, कीं एकमेकांत मिसळून जातात. बाराबाय-दहाच्या खोलींत ते सुटे सुटे पडतात, आणि तेहि नेमके डग्गा, पखवाज व तंबोऱ्याचा खर्ज यांच्या प्रदेशांत. आणि मोठा खालचा सूर आपल्याहून वरच्या सुरांस झांकून टाकतो, हा तर कानाचा धर्मच आहे. वरचा सूर खालच्यास तितकासा झांकीत नाहीं. म्हणूनच डग्गा चढला आणि मामांचे शब्द गेले.

येथें एक गोष्ट मुद्दाम सांगावयास हवी. या विषयावरचीं इंग्रजी पुस्तकें बहुधा अमेरिकेंतील घरें डोळ्यांपुढें ठेवून लिहिलेलीं असतात. तेथें पुष्कळ घरांच्या आंतील भिंती लांकडी सांगाड्यावर जिप्समचे तक्ते ठोकून केलेल्या असतात. खालच्या सुरांनीं त्या किंचित् हालतात, आणि हालतांना त्या सुरांची बरीच शक्ति खाऊन टाकतात. आपल्या भिंती विटांच्या, वर सिमेंटचा गिलावा, माथ्यावर काँक्रीटची स्लॅब आणि पायांखालीं फरशी. आपल्या भिंतीवर आलेला खालचा सूर जवळजवळ जसाच्या तसा परत येतो. घर मजबूत असण्याचा हा दंड आहे. तेव्हां त्या पुस्तकांतील उपाय आपल्याकडे थोडे अधिक कडक करावे लागतात.

उपाय म्हणून पुष्कळजण जें प्रथम करतात तें मात्र जवळजवळ निरुपयोगी आहे. अंड्यांचे पुठ्ठे भिंतीस चिकटविणें किंवा इंचभर जाडीचा स्पंज लावणें यानें टाळी वाजविली असतां उमटणारा खणखणाट थोडा कमी होतो, आणि खोली 'सुधारली' असा भ्रम होतो. वास्तविक शोषण करणाऱ्या वस्तूची जाडी, किंवा भिंतीपासून तिचें अंतर, लहरीच्या चवथ्या हिश्शाच्या जवळपास असेल तेव्हांच ती त्या लहरीस चांगलें आवरते. सेकंदास हजार कंपनांच्या सुराचा चवथा हिस्सा साडेतीन इंचांच्या आंत येतो. आमच्या डग्ग्याचा तीन फूट. इंचभर स्पंजास तो काय दाद देणार! उलट असा स्पंज वरचे सूर खातो, खालचे तसेच ठेवतो, आणि खोली पूर्वीपेक्षांहि एकांगी होते.

कापूस आणि गादी यांची योग्यता मात्र थोर आहे, आणि तिला विज्ञानाच्या इतिहासांत मानाचें स्थान आहे. १८९५ सालीं हार्वर्ड विद्यापीठांतील फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहांत वक्त्याचें बोलणें कोणास कळेना, म्हणून वॉलेस सॅबाइन या तरुण अध्यापकास तें काम सोंपविण्यांत आलें. रिकाम्या दालनांत आवाज साडेपांच सेकंदांहून अधिक वेळ रेंगाळे. सॅबाइन यांनीं जवळच्या सँडर्स नाट्यगृहांतील बैठकींच्या गाद्या रात्रीं उचलून आणाव्या, त्या मांडून ऑर्गनची एक नळी वाजवावी, आणि आवाज विरेपर्यंतचा वेळ घड्याळावर मोजावा. साधन काय, तर एक नळी, एक घड्याळ आणि स्वतःचे कान. आजचें ध्वनिस्थापत्याचें सगळें गणित त्या गाद्यांवर उभें आहे. तेव्हां आपल्या घरच्या माळ्यावरील जाड गाद्या गुंडाळून, दोरीनें बांधून, खोलीच्या कोपऱ्यांत उभ्या केल्या तर लाजण्याचें कारण नाहीं. खालचे सूर कोपऱ्यांत सर्वांत अधिक साठतात; म्हणून जाड वस्तु तेथेंच ठेवावी. सवड असेल तर रॉकवूलचे चारसहा इंच जाडीचे, कापडानें मढविलेले तक्ते भिंतीपासून हातभर पुढें लावावे, तें अधिक चांगलें. (आमच्या घरीं गाद्यांविषयीं जें बोललें गेलें तें येथें सांगत नाहीं.)

परंतु गाद्यांच्याहि आधीं, एक पैसा न खर्चतां, खुर्ची हलवावी. खोलीच्या भर मध्यावर बसूं नये आणि मागच्या भिंतीला टेकूनहि बसूं नये. पुढच्या भिंतीपासून लांबीच्या सुमारें ३८ टक्क्यांवर बसावें, असा एक ठोकताळा आहे. तो वेदवाक्य नव्हे, पण आरंभास बरा आहे. माझ्या खोलींत तें अंतर साडेचार फूट आलें. दोन स्पीकर आणि आपलें मस्तक यांचा समभुज त्रिकोण व्हावा. डावी भिंत आणि उजवी भिंत दोन्हीकडून सारख्याच अंतरावर असाव्या. स्पीकरच्या वरच्या सुरांचें तोंड कानाच्या उंचीवर यावें. मग एका माणसास हातांत लहानसा आरसा देऊन बाजूच्या भिंतीलगत चालावयास सांगावें. खुर्चीवरून आरशांत जेथें स्पीकर दिसेल, तेथें भिंतीवर खूण करावी, आणि तेवढ्या जागीं जाड आच्छादन लावावें. प्रकाश ज्या नियमानें परततो त्याच नियमानें वरचे सूरहि परततात. आणि हा पहिला परतलेला आवाज मूळ आवाजांत इतक्या त्वरेनें मिसळतो, कीं कानास तो वेगळा ओळखूंच येत नाहीं. हेल्मुट हास या जर्मन संशोधकानें १९५१ सालीं प्रसिद्ध केलेले प्रयोग याच विषयीं आहेत. वेगळा ऐकूं येत नाहीं म्हणून तो निरुपद्रवी मात्र नव्हे. तो गळ्याचा रंग गुपचूप पालटतो.

खोलीची परीक्षा करण्यास आतां साधनेंहि सुलभ आहेत. 'रूम ईक्यू विझर्ड' नांवाचा एक प्रोग्रॅम संगणकावर फुकट मिळतो. मापनाचा साधा मायक्रोफोन जोडला कीं तो खोलीचे चढउतार रेषेनें काढून दाखवितो. हेंहि नको असेल, तर सेकंदास ४० कंपनांपासून २०० पर्यंत हळूहळू चढत जाणारा एक सूर लावून बसावें. एकाच जोरानें सोडलेला तो सूर कोठें बुडतो आणि कोठें अंगावर येतो, हें कोणाच्याहि कानास कळतें. बुडणाऱ्या जागा यंत्रानें उचलून भरून काढण्याचा मोह होतो. त्याचा उपयोग नाहीं. जेवढा सूर अधिक सोडावा तेवढाच भिंतीवरून अधिक परत येतो, आणि वजाबाकी होते ती होतेच. फुगवटे थोडे उतरवितां येतात. खड्डे हे खुर्ची हलवूनच टाळावे लागतात.

खोली थोडी सरळ झाली, तरी कान उरतोच. १९३३ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत फ्लेचर आणि मन्सन या दोघांनीं दाखवून दिलें, कीं आवाज लहान असतां खालचे सूर कानास प्रमाणाबाहेर क्षीण वाटतात, आणि आवाज वाढविला कीं ते भराभर वर येतात. म्हणून रात्रीं, घरचीं मंडळी झोंपलीं असतां, हळू आवाजांत मिक्सिंग करणारा डग्गा व खर्ज हटकून अधिक चढवितो. आणि सकाळीं मोठ्यानें काम करणारा ते उतरवितो. एकच मनुष्य, एकच गाणें, दोन निकाल. यास उपाय एकच : आवाजाची एक पातळी ठरवून घ्यावी, बटणावर खूण करावी, आणि बहुतेक काम त्याच खुणेवर करावें. चित्रपटाच्या मोठ्या दालनांत ८५ डेसिबेलचा दंडक आहे. लहान खोलीस तो फार होतो. ७५ च्या आसपास काम करावें. ८५ डेसिबेलमध्यें आठ तास बसणें ही कानास धोका नको असेल तर शेवटची मर्यादा मानतात, आणि पुढें दर तीन डेसिबेलला ती वेळ निम्मी होते.

आणि डोक्यावरचा पंखा. आपल्या हवेंत तो बंद करणें ही तपश्चर्याच आहे, पण पंख्याच्या घरघरीखालीं तंबोऱ्याचें गुंजन बुडतें. मग मनुष्य तंबोरा चढवितो, आणि ज्याच्या घरीं पंखा चालू नाहीं त्यास वाटतें कीं गवयापेक्षां तंबोराच गात आहे. वीस मिनिटें पंखा बंद, दहा मिनिटें चालू, असा क्रम ठेवावा. कानास विसांवाहि मिळतो.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशास? हेडफोन लावावे, म्हणजे खोलीचा प्रश्नच उरत नाहीं. हें अर्धें खरें आहे. हेडफोनांत खोली नसते, आणि माझ्या डग्ग्याचा गुन्हा त्यांनींच प्रथम पकडून दिला. पण स्पीकरपुढें बसलें असतां डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानासहि थोडा ऐकूं येतो. हेडफोनांत तो मुळींच येत नाहीं. त्यामुळें गवई डोक्याच्या आंत बसल्यासारखा वाटतो, डावें-उजवें अवास्तव दूर जातें, आणि गळा किती पुढें ठेवावा याचा अंदाज चुकतो. हेडफोन हा उत्तम साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे.

स्पीकर कितपत भारी हवे, याविषयीं एक उदाहरण पुरे आहे. यामाहा कंपनीनें १९७८ सालीं एन्‌एस-१० नांवाचा एक लहानसा स्पीकर घरगुती उपयोगासाठीं काढला. घरोघरीं तो कांहीं फारसा आवडला नाहीं. त्याचा आवाज रुक्ष, खालचे सूर तोकडे. पण जगांतील मोठमोठ्या स्टुडिओंत पुढें तोच जाऊन बसला, आणि २००१ पर्यंत निघत राहिला. कोणी कोणी त्याच्या तोंडावर पातळ कागद चिकटवून त्याची धार कमी करीत. तो सुंदर होता म्हणून नव्हे, तर त्याचे गुणदोष सर्वांस तोंडपाठ होते म्हणून. ज्याचा खोटेपणा किती हें ठाऊक आहे, असा स्पीकर महागड्या अपरिचित स्पीकरपेक्षां अधिक उपयोगी पडतो. ही ओळख करून घेण्याचा मार्ग सोपा आहे : आपल्यास पूर्ण परिचयाचें, उत्तम झालेलें एखादें ध्वनिमुद्रण त्याच खोलींत, त्याच खुर्चीवर, आपल्या कामाच्या मध्यें मध्यें ऐकावें. मात्र दोघांचा आवाज सारखा करून घ्यावा. अर्ध्या डेसिबेलनेंहि जो मोठा असेल तोच कानास चांगला वाटतो.

शेवटची परीक्षा लहान यंत्रावर. पुष्कळ लोक गाणें मोबाइलवर ऐकतात, आणि तेथें दोन्ही बाजू बहुधा एक होऊन जातात. एका पेटीस दोन मायक्रोफोन लावले असतील, तर त्यांच्या लहरी अशा वेळीं एकमेकींस खाऊन टाकण्याचा संभव असतो. म्हणून डावें-उजवें एकत्र करून एकदां ऐकावेंच. तेथें एक गमतीची गोष्ट आढळते. मामांचा स्वर काळी एक. म्हणजे षड्ज सेकंदास सुमारे १३९ कंपनांचा आणि तंबोऱ्याचा खर्ज सुमारे ६९ चा. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरांतून ६९ निघणें शक्य नाहीं, तरी खर्ज ऐकूं येतो! जवारीमुळें त्या तारेंतून वरचे स्वरांश इतके भरघोस निघतात, कीं त्यांवरून कान मूळ सूर स्वतःच रचून घेतो. या जवारीचा अभ्यास चंद्रशेखर रामन यांनीं १९२१ सालींच प्रसिद्ध केला होता. डग्ग्याजवळ स्वरांशांची ही श्रीमंती नाहीं. म्हणून तो मोबाइलवर हरवतो, आणि नवशिका पुन्हां त्यास चढवावयास धांवतो. तेथें हात आवरावा.

मीं सातहि अभंग पुन्हां केले. खुर्ची साडेचार फुटांवर, स्पीकर कपाटावरून उतरवून पुढें घेतलेले, कोपऱ्यांत गाद्या, पंखा बंद. नव्या जागीं जुनें काम लावतांच मलाच तें ऐकवेना. डग्गा पांच डेसिबेल उतरविला. गळ्यास, पेटीस हात लावावा लागला नाहीं. दिवाळींत सांगलीस गेलों तेव्हां मामींच्या स्वयंपाकघरांत, त्यांच्याच मोबाइलवर तें लावलें. त्या विळीवर भाजी चिरीत होत्या. पहिला अभंग पुरा होईतों कांहीं बोलल्या नाहींत. दुसऱ्याच्या मध्यावर विळी आडवी केली आणि म्हणाल्या, "टाळ जरा मोठा आहे. ह्यांना खपला नसता."

टाळ खरोखरच मोठा होता. पुण्यास परतल्यावर दीड डेसिबेल उतरविला.